जागच्या जागी धावलेली गाडी

माझा आणि गाड्यांचा संबंध जन्मभर एस.टी.पुरताच आला. वाई तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत एकतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला आणि त्यातली बरीचशी वर्षं सकाळच्या गाडीनं जा-ये केली. गाडी वेळेवर आली की चांगली, नाही आली की वाईट, एवढंच माझं मोटारशास्त्र. त्यामुळे गेल्या मे महिन्यात ऑकलंडला मुलाकडे गेले असताना नातवानं विचारलं, "आजी, शनिवारी डायनोला येतेस?", तेव्हा मला आधी वाटलं की डायनोसॉरचं काही प्रदर्शन असेल. मी हौसेनं हो म्हटलं. मग कळलं, की गाडीची परीक्षा आहे!

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. नातू तेवीस वर्षांचा. इंजिनिअरिंगचं शिक्षण दुसऱ्या वर्षात सोडून तो इलेक्ट्रिशियनचं काम शिकायला लागला. तिकडे त्यात कमीपणा कुणी मानत नाही, पण माझ्या मुलाला ते फार लागलं. त्यातच या पोरानं साठवलेल्या पैशातून एक जुनी जपानी गाडी आणली, माझदा आरएक्स-७, १९९०ची, तीही इंजिन फुटलेली. अडीच वर्षं ती गॅरेजमध्ये पडून होती आणि नातू रोज रात्री तिच्यापाशी. बापलेकांचं बोलणं "दूध आणलंस का?" आणि "दिवा बंद कर" इतपतच उरलेलं. मी गेले आणि घरातल्या त्या शांततेत बसले. म्हाताऱ्या माणसाला अशी शांतता लवकर ऐकू येते.

मला रोज गॅरेजमधून हाक यायची. "आजी, हे बघ." मला काय कळणार? पण शिकवण्यात जन्म गेला, तेव्हा शिकायची लाज वाटत नाही. त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीतून आणि माझ्या प्रश्नांमधून मला जे समजलं ते असं.

नेहमीचं इंजिन म्हणजे उखळ-मुसळ. दट्ट्या वर जातो, खाली येतो आणि त्या वरखाली होण्याचं पुढे गोल फिरण्यात रूपांतर करावं लागतं. या गाडीचं इंजिन म्हणजे जातं. त्याला रोटरी म्हणतात. मधे किंचित आवळलेल्या लंबगोल पेटीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. त्याची तिन्ही टोकं सतत भिंतीला टेकलेली, त्यामुळे तीन कप्पे होतात. एकात हवा-पेट्रोल येतं, दुसऱ्यात दाबलं जातं आणि पेटतं, तिसऱ्यातून धूर बाहेर. वरखाली काही नाहीच. या गाडीत असे दोन त्रिकोण आहेत, दोन्ही मिळून १३०८ सीसी.

सगळं मर्म आहे ते त्या टोकांवर. प्रत्येक टोकाच्या खाचेत धातूची एक बारीक पट्टी बसवलेली असते, एपेक्स सील. जाडी २ मिलिमीटर, लांबी बोटाएवढी. खालून स्प्रिंग तिला भिंतीशी दाबून धरते. दोन त्रिकोणांच्या मिळून सहा पट्ट्या. नातवानं जुन्या इंजिनातली एक तुटकी पट्टी माझ्या तळहातावर ठेवली. "आजी, एवढीशी गेली की सगळं इंजिन गेलं."

इतिहास माझा विषय, त्यामुळे मी तोही विचारून घेतला. कल्पना फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाची. एनएसयू कंपनीत पहिलं इंजिन १९५७ साली चाललं. माझदानं १९६१ साली त्यांच्याशी करार केला. पण इंजिन थोडं चाललं की या पट्ट्या थरथरून पेटीच्या भिंतीवर ओरखडे काढायच्या. जपानी लोक त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. केनिची यामामोटो यांच्या हाताखाली सत्तेचाळीस इंजिनिअर त्यामागे लागले. जपानी इतिहासातल्या सत्तेचाळीस सामुराईंवरून त्यांनाही तेच नाव पडलं. १९६७ साली कॉस्मो स्पोर्ट ही त्यांची पहिली रोटरी गाडी बाजारात आली आणि १९९१ साली चार त्रिकोणांच्या इंजिनाची ७८७बी गाडी फ्रान्समधली चोवीस तासांची ल मान्स शर्यत जिंकली. एका पट्टीपायी माणसांनी वर्षानुवर्षं घालवली हे ऐकून मला नातवाची अडीच वर्षं एकदम कमी वाटायला लागली.

तर शनिवार उजाडला. मुलगा येणार नव्हता. मी म्हटलं, "त्या ठेंगण्या गाडीत मला बसता-उठता येत नाही, तूच सोड." हे खरं होतं, आणि थोडं नाटकही होतं. नातू पुढे त्याच्या गाडीत, मागून आम्ही. वाटेत मुलगा एवढंच म्हणाला, "किती पैसे घातलेत त्यानं यात, तुला कल्पना नाही आई."

पेनरोझ भागातल्या एका शेडमध्ये ते वर्कशॉप होतं. जमिनीत दोन मोठे रूळ बसवलेले. गाडीची मागची चाकं त्या रुळांवर आणली, गाडी पट्ट्यांनी चहूबाजूंनी जमिनीला जखडली, समोर भलामोठा पंखा लावला. गाडी धावणार, पण जागच्या जागी! चाकं रूळ फिरवतात, रुळांना यंत्र ब्रेक लावून विरोध करतं, आणि किती जोर लावावा लागला आणि किती वेगानं, यावरून चाकांशी मिळणारी शक्ती किलोवॅटमध्ये काढतात. इंजिनाची शक्ती त्याहून थोडी जास्त असते, कारण गिअरबॉक्स आणि टायर आपला वाटा मधेच खातात.

ट्यूनर साठीचा गोरा माणूस, हात तेलकट, बोलणं कमी. त्याच्या लॅपटॉपवर मोठा तक्ता होता, आपल्या पाढ्यांच्या तक्त्यासारखा. आडवे आकडे इंजिनाच्या फेऱ्यांचे, उभे हवेच्या दाबाचे, आणि प्रत्येक चौकोनात किती पेट्रोल सोडायचं तो आकडा. असाच दुसरा तक्ता ठिणगी केव्हा टाकायची याचा. इंजिन एकेका चौकोनात स्थिर धरायचं, धुरातून मिश्रण मोजायचं, आकडा सुधारायचा, पुढे जायचं. दीड तास तो हेच करत होता. वह्या तपासण्याचा गठ्ठा असतो ना, अगदी तसं.

या इंजिनाला टर्बो आहे. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तो जादा हवा आत कोंबतो. जादा हवा, जादा पेट्रोल, जादा जोर. पण उष्णताही वाढते. मग कधी ठिणगीनं लागलेली ज्योत पोहोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपलं आपण भडकतं. त्याचा हातोड्यासारखा ठोका पट्टीवर बसतो. साधं इंजिन असे काही ठोके सोसतं. इथे एखादाही पुरतो. म्हणून पूर्ण जोरात असताना मुद्दाम जास्त पेट्रोल देतात. पुरतं जळायला वजनानं १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल लागतं. इथे ११ भागांनाच एक. जादाचं पेट्रोल आतली उष्णता कमी ठेवतं. ट्यूनरच्या कानावर हेडफोन होते. त्यांची वायर इंजिनाला लावलेल्या माइकला जोडलेली, ठोका ऐकण्यासाठी. डॉक्टर छातीला नळी लावतो तसा तो डोळे बारीक करून ऐकत होता.

मग खरी धाव सुरू झाली. आवाज काय सांगू! छातीत घुमत होता. पहिल्या धावेला दाब ०.६ बार, शक्ती १७८ किलोवॅट. पुढे ०.८ बारला २१३. नातवाचे दोस्त मोबाइल घेऊन उभे होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. पण नातवाचा आकडा २५० होता. गॅरेजच्या भिंतीवर त्यानं खडूनं लिहून ठेवला होता, मी रोज बघत होते.

तिसरी धाव १ बारवर. आवाज चढत गेला... आणि मधेच पडला. ट्यूनरनं पाय काढून घेतला होता. सगळे गप्प. त्यानं आलेखावर बोट ठेवलं. ६००० फेऱ्यांच्या पुढे पेट्रोलचा दाब ढळत होता आणि मिश्रण ११ वरून १२ कडे सरकत होतं. पेट्रोलचा पंप पुरा पडत नव्हता. ठोका अजून ऐकू आला नव्हता. "ऐकू यायची वाट मी बघत नाही," तो म्हणाला.

नातू म्हणाला, "तक्त्यात पेट्रोलचा आकडा वाढवून एकदा बघू या ना. फक्त एकदा." त्यावर तो जे बोलला ते मी घरी येऊन डायरीत लिहिलं. तो म्हणाला, "तक्त्यात मी कितीही मोठा आकडा लिहीन. पंपाकडे नाही ते तो कुठून देणार?"

वाचकहो, मी तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते आणि मला १९९३ साल आठवलं.

माझा मुलगा तेव्हा बारावीत, पुण्याला खोली घेऊन राहिलेला. तेव्हा मेडिकलचे प्रवेश बारावीच्या गुणांवर होत. तो रविवारी बूथवरून शेजाऱ्यांकडे फोन करायचा. जानेवारीत म्हणाला, "आई, डोकं फार दुखतं. वाचलेलं राहत नाही." मी म्हटलं, "दोन महिने काढ रे." फेब्रुवारीत पुन्हा तेच म्हणाला. मी पुन्हा तेच म्हटलं. शाळेत पन्नास मुलांच्या चेहऱ्यांवरून कुणाचं पोट दुखतंय ते ओळखणारी बाई मी, पण पोटच्या पोराचं ऐकलं नाही. डोळ्यांसमोर आकडा होता. तो आकडा थोडक्यात हुकला आणि मी आठ दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. पुढे तो कॉमर्सला गेला, हिशेबनीस झाला, परदेशात घर केलं, सगळं नीट झालं. पण त्या आठ दिवसांबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही.

मी मान वर केली तर मुलगा खांबाला टेकून उभा. इतका वेळ दारातच होता, कधी आत आला कळलं नाही. नातू खाली बघत होता. मुलगा पुढे गेला आणि म्हणाला, "२१३ पुष्कळ आहेत रे." मराठीतच म्हणाला. मग ट्यूनरला विचारलं, "पंप केवढ्याला येतो?" नातवानं बापाकडे असं पाहिलं, की मी तोंड फिरवलं.

ट्यूनरनं दाब ०.८ वर आणून ठेवला, पेट्रोलचा दाब शेवटपर्यंत हलत नाही याची पुन्हा खात्री केली आणि त्यापुढे गेल्यास संगणकच इंजिन तोडेल अशी व्यवस्था केली. निकालाचा कागद छापून दिला. मला तो माणूस फार आवडला. परीक्षा घ्यायची, पण मोडायच्या आत थांबायचं, हे मला एकतीस वर्षांत पुरतं जमलं असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. आम्ही निकाल लावायचो. गुण कमी पडले तर कुठला पंप कमी पडतोय ते शोधायला आमच्याकडे वेळ नसायचा. किंवा असं म्हणू, की मी तो काढला नाही.

परत येताना पाऊस लागला. मी मुलाला म्हटलं, "बारावीच्या वर्षी तू डोकं दुखतं म्हणायचास. मी ऐकायला हवं होतं." तो बराच वेळ काही बोलला नाही. वायपर चालू होते. मग म्हणाला, "आई, किती वर्षं झाली त्याला." आणि माझ्या पायांकडचा हीटर वाढवला. एवढंच. तो तेव्हा माझ्यावर रागावला होता का, हे मला अजून माहीत नाही. पण मला जे म्हणायचं होतं ते म्हणून झालं, उशिरा का होईना.

रात्री गॅरेजमध्ये डोकावले तर भिंतीवर २५० तसाच होता. त्याच्याखाली २१३ आणि त्या दिवसाची तारीख. इंजिनावर वाकून दोघं जण पंपाच्या वायरी बघत होते. नातू सांगत होता, मुलगा टॉर्च धरून उभा होता. मी दार हळूच लोटलं आणि भात लावायला गेले.

आता नवा पंप बसलाय म्हणे. पुन्हा परीक्षा व्हायची आहे. आकडा आला की नातू कळवणार आहे. मी त्याला सांगितलंय, आकडा नंतर सांग, आधी सांग की ट्यूनरच्या कानाला काय ऐकू आलं.

असो. तुमच्यापैकी कुणी शिक्षक असेल, किंवा कुणाच्या घरी यंदा बारावीचं पोर असेल, तर रविवारचा फोन जरा नीट ऐका, एवढंच.