तिसऱ्याचं काय करायचं

झेब्रा फिंच हा मुठीत मावणारा पक्षी. वजन जेमतेम १२-१३ ग्रॅम, पण पिंजऱ्यात तीन ठेवून बघा. दोघांचं जमतं आणि तिसऱ्याच्या शेपटीची पिसं जातात. ‘एकटा आहे बिचारा, राहू दे यांच्यातच’ अशी दया घरातलं कुणीतरी दाखवतं, नि चार दिवसांत बिचाऱ्याला टक्कल पडतं. बरं, चार ठेवावेत तर एक जोडी दुसरीच्या हात धुऊन मागे लागते. सहा झाले की राग वाटला जातो, कुणा एकावर साचत नाही.

हुबळीच्या कमरीपेठेतल्या आमच्या गच्चीवर हा संसार राळ्यावर चालतो. बाजारात ‘नवणे’ म्हणून मागायचे, समुद्रफेसाचा तुकडा जाळीत अडकवायचा. दाण्याच्या वाट्या दोन हव्यात, दोन टोकांना. घरट्यासाठीच्या मटक्या जोड्यांपेक्षा जास्त हव्यात आणि सगळ्या एका उंचीवर. एखादी वीतभर वर टांगली की नारिंगी गालांचे तिन्ही नर तिच्याच काठावर चोची उघडून उभे. खालच्या मटक्या रिकाम्या, पण हवी ती वरचीच. (शेतातली आपली मुनिया १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे पाळता येत नाही, हा ऑस्ट्रेलियाचा पाहुणा चालतो.)

जोड्या लावायची आपल्याला भारी हौस. दुकानदार एक लालभडक चोच, एक फिकट चोच पकडून डब्यात घालतो, झालं लग्न! जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या अभ्यासकांनी माद्यांना आपापले नर निवडू दिले. मग अर्ध्या जोड्या तशाच ठेवल्या, अर्ध्या फोडून दुसऱ्यांशी लावल्या. २०१५ साली निष्कर्ष छापून आला: मनाजोगत्या जोड्यांची ३७ टक्के जास्त पिल्लं जगली. लादलेल्या संसारात अंडी जास्त वाया गेली, नर घरट्याकडे कमी फिरकले. समोरच्या काकूंना हे सांगितलं, तर म्हणाल्या, “मग आमची तीन कशी जगली रे?” यावर जर्मनांकडेही उत्तर नसावं.

मी आता जोड्या लावत नाही. सहाजणांना एकत्र सोडतो आणि कोण कुणाच्या अंगाला अंग लावून बसतं, मानेची पिसं विंचरतं, ते पाहतो.

खरी पंचाईत पिल्लांची. नर पिल्लू बापाचं गाणं ऐकून गाणं शिकतं आणि ते जन्मभर गातं. कुंदगोळला गायक सवाई गंधर्वांच्या दारी शिष्यांनी गाणं शिकत काढलेले दिवस या भागात सगळ्यांना ठाऊक. तालीम मध्येच तोडायची नसते, हे इथे वेगळं सांगावं लागत नाही. पण पिल्लाच्या गालावर नारिंगी रंग चढू लागला की तोच बाप त्याला दाण्याच्या वाटीवरून हुसकतो, आणि तोवर गाणं पुरतं बसलेलं नसतं. म्हणून त्या दिवसांत मी धाकट्याचा पिंजरा बापाच्या पिंजऱ्याशेजारी लावतो, मध्ये बोटभर फट ठेवून. चोच पोचत नाही, आवाज पोचतो.