चाल न मोडता

घोड्याच्या धावण्याला मराठीत निरनिराळे शब्द आहेत. तो कदम चालतो, दुडकत जातो, भरधाव सुटतो आणि बिथरला तर चौखूर उधळतो. यांपैकी दुडकी चालीला आपल्या बोलण्यात फारसा मान नाही. ती टांग्याच्या घोड्याची, पोटासाठी राबणाऱ्याची चाल. अमेरिकेत मात्र नेमक्या याच चालीची एक शर्यत शंभर वर्षे चालत आली आहे. तिचे नाव हॅम्बलटोनियन. तीन वर्षांचे घोडे, मागे सल्की नावाची दोन चाकांची हलकी गाडी, गाडीत एक सारथी आणि अंतर एक मैल.

या शर्यतीचे आम्हांला जे आकर्षण वाटते, ते तिच्या एका नियमामुळे. दुडकी चालीत घोड्याचा पुढचा डावा पाय मागच्या उजव्या पायाबरोबर पडतो आणि पुढचा उजवा मागच्या डाव्याबरोबर. जिवाच्या आकांताने धावणारा घोडा ही लय सोडून भरधाव सुटू पाहतो. तो त्याचा स्वभावच आहे. पण इथे तसे झाले की सारथ्याने लगाम खेचून त्याला पुन्हा चालीवर आणायचे आणि तेवढ्या वेळात हातचे अंतर गमवायचे. म्हणजे अधिक वेगाने धावता येत असूनही तसे न धावणाऱ्याची ही शर्यत आहे. वेग तर हवाच, पण शिकवलेल्या चालीच्या मर्यादेत. स्वभाव आणि संस्कार यांचा हा झगडा जेमतेम दोन मिनिटांत आटोपतो.

ज्या घोड्याचे नाव या शर्यतीला दिले आहे, त्याची कीर्ती शर्यती जिंकण्याची नव्हती. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑरेंज काउंटीत १८४९ साली तो जन्मला. विल्यम रिस्डिक नावाच्या शेतगड्याने लंगडी घोडी आणि तिचे हे शिंगरू मिळून सव्वाशे डॉलरला विकत घेतले. पुढे त्याला तेराशेहून अधिक अपत्ये झाली आणि अमेरिकेतल्या गाडीच्या शर्यतींचे आजचे बहुतेक सगळे घोडे त्याच्याच वंशातले आहेत. त्या काळी घोडा हे काही केवळ शर्यतीचे जनावर नव्हते. डॉक्टर रोग्याकडे, शेतकरी बाजाराला आणि कुटुंब प्रार्थनेला त्याच्याच मागे बसून जाई. कोणाचा घोडा दमदार, हा वाद रस्त्यावरच सुरू व्हायचा आणि रस्त्यावरच मिटायचा.

१९२६ साली सिरॅक्यूज येथे पहिली हॅम्बलटोनियन झाली, तोवर मोटारीने तो रस्ता घोड्याकडून हिरावून घेतला होता. काम संपत आले तेव्हा त्याची शर्यत सुरू झाली, ही गोष्ट आम्हांला अर्थपूर्ण वाटते. गाय मॅकिनी हा पहिला विजेता. बक्षिसाची रक्कम सुमारे ७३ हजार डॉलर होती. काही वर्षे सिरॅक्यूज आणि लेक्सिंग्टन अशा येरझाऱ्या घालून १९३० मध्ये शर्यत गोशेनला आली. ऑरेंज काउंटीतलेच हे छोटे गाव. म्हणजे ती माहेरीच आली म्हणायची. १९४३ चा युद्धकाळातला अपवाद वगळता १९५६ पर्यंत ती तिथेच राहिली.

गोशेनच्या त्या काळातले दोन घोडे विसरता येत नाहीत. १९३५ चा विजेता ग्रेहाउंड करड्या रंगाचा होता. १९३८ मध्ये त्याने एक मैल अंतर एक मिनिट सव्वापंचावन्न सेकंदांत तोडले आणि हा विक्रम १९६९ पर्यंत टिकला. पण तो खच्ची केलेला होता. वंशाच्या मूळपुरुषाचे नाव मिरवणाऱ्या शर्यतीच्या या श्रेष्ठ विजेत्याने मागे वंश ठेवला नाही. दुसरी रोझलिंड, १९३६ ची विजेती. बेन व्हाइट या सारथ्याने ती आपल्या आजारी मुलाला, गिब्सनला, दिली होती आणि मैदानात तिला हाकले ते स्वतःच. पुढे १९३९ मध्ये हीच दोघे एका गाडीला जोडीने जुंपली गेली.

१९५७ मध्ये शर्यत इलिनॉय राज्यात डू क्वॉइनला गेली. ते मैदान कोळशाच्या जुन्या खाणींची जमीन सुधारून उभारलेले होते, आणि शर्यत भरे ती जत्रेत. तिथली शेवटची शर्यत १९८० ची. त्या वर्षी जानेवारीत बिली हॉटन या नामांकित सारथ्याचा पंचवीस वर्षांचा मुलगा पीटर मोटार अपघातात गेला. तोही सारथीच होता. त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस बापाने बर्गोमायस्टरला हाकून हॅम्बलटोनियन जिंकली. ज्याच्या मनात असे काही उधळले आहे, त्याने हातातला लगाम स्थिर ठेवायचा, याला काय म्हणावे, ते आम्हांला ठाऊक नाही. सहा वर्षांनी, १९८६ मध्ये, हॉटनचाही मृत्यू झाला. तो शर्यतीतल्याच अपघाताने.

१९८१ पासून शर्यत न्यू जर्सीतल्या मेडोलँड्सला होते. तिथून मॅनहॅटनच्या इमारती दिसतात. पूर्वी जिंकण्यासाठी घोड्याला एकाच दिवशी दोन फेऱ्या माराव्या लागत. ती दमाची कसोटी पुढे सुटली. बक्षिसाची रक्कम दहा लाख डॉलरच्या घरात गेली. खेळामागे जुगार आहे आणि घोड्याच्या मताला इथे कोणी विचारत नाही, हेही खरे. या शर्यतीला भाबडेपणाने ओवाळण्याचे कारण नाही.

तरीही २०२५ मध्ये तिची शंभरावी खेप झाली, तेव्हा अंतर तेच होते, वय तेच होते आणि घोड्याने लय सोडली तर मागे येण्याची शिक्षाही तीच होती. 'चाल' हा आपला शब्द पाऊल, स्वर आणि रीत या तिघांनाही चालतो. माणसाने एक काम सोडले की त्या कामाचे कौशल्य बहुधा त्याच्याबरोबर जाते, आणि उरते ती संग्रहालयातली वस्तू. इथे वस्तू गेली, गरज गेली, पण चाल राहिली. तीही अशा जनावराच्या अंगी, ज्याला ती प्रत्येक पिढीत नव्याने शिकवावी लागते.