पीक अर्धं, ताल सगळी

माण-खटावपासून आटपाडी-जतपर्यंतचा मुलूख पर्जन्यछायेतला. पाऊस मोजका, पण येतो तेव्हा कोसळतो. उताराला आडवी घातलेली ताल त्या वेळी पाणी थोपवते, माती धरते. घुशीनं ती कुठं पोखरली असेल, तर पहिल्याच वळवात तिथून पाणी फुटतं. लगेच चार पाट्या माती टाकली तर भागतं. नाही टाकली तर दोन-तीन पावसाळ्यांत घळ पडते आणि मुरूम उघडा होतो. ही माती टाकायची कुणी?

मालक गावात नसतो. खानापूर-आटपाडीचे गलाईवाले सोनं-चांदी गाळायला देशभर पांगले. पाटण-जावळीची माणसं मुंबईत गिरण्यांत, माथाडीत गेली. आमचं घर पुण्याला आलं. सातबाऱ्यावर आता चुलत भावंडांची आणि आत्यांची नावं आहेत. रान भावकीतलाच एकजण अर्धेलीनं करतो, तेही तोंडी बोलीवर, सालाच्या सालाला.

कागद कुणी करत नाही, कारण कुळकायदा. 1948 च्या कायद्यानं आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनानं कसणाऱ्याला जमीन दिली, ते रास्तच झालं. पण ‘कूळ लागेल’ ही धास्ती परगावच्या मालकाच्या मनातून अजून गेलेली नाही. पुढल्या साली रान हाती राहील याची खात्री नसलेला माणूस त्यात शेणखत कशाला ओतेल? तो ज्वारी काढतो, कडबा नेतो. त्यात त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

वरची ताल फुटली की लोंढा खालच्याच्या रानात शिरतो, म्हणून हे काम गावानं मिळूनच करायला हवं. कोरेगाव तालुक्यातल्या वेळूनं 2016 मध्ये गावोगावच्या जलसंधारण स्पर्धेचा पहिला वॉटर कप जिंकला, तो श्रमदानाच्या बळावर. पण माथा ते पायथा काम करायचं तर मधल्या गटांच्या मालकांचा होकार लागतो, आणि हिस्सेदार चार शहरांत असले की तो होकार मिळेतो पावसाळा येतो.

त्याच वर्षी नीती आयोगानं मालकी शाबूत ठेवून लेखी भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा सुचवला. तशी पाच-दहा वर्षांची हमी मिळाली, तर कसणाराही जमिनीत जीव ओतेल. तोवर खर्च आपल्यासारख्यांनी उचलावा. टेंभू उपसा योजनेचं पाणी शिवारात येणार म्हटल्यावर मोजणीला धावत येणाऱ्या मालकाला तालीच्या दुरुस्तीलाही यायला जमेल. नाहीतर पैसे धाडायला जमेल. अर्धेलीत पीक निम्मं मालकाचं असतं. ताल सगळी त्याचीच.