मुक्काम कुठे करायचा?

मुलीला कळसूबाई चढायचं होतं. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. पायथ्याच्या बारी गावात राहिलो असतो, तर सकाळचा वेळ वाचला असता. पण अम्मीचे गुडघे गेलेले. ती दिवसभर खोलीत बसून काय करणार? म्हणून भंडारदरा धरणाजवळ शेंडीला उतरलो. एक दिवस बारीहून कळसूबाई, दुसऱ्या दिवशी रतनवाडीहून जंगलातून रतनगड. फजर पढून निघायचं, मगरिबच्या आत परतायचं, एवढाच नियम.

पहिल्या संध्याकाळी परतलो, तर अम्मी पाण्याकडे बघत बसली होती. म्हणाली, "तुझे अब्बा गेल्यापासून आज पहिल्यांदा मोकळं वाटलं."

चढणारा कुठूनही चढतो. मुक्काम मात्र न चढणाऱ्याला विचारून ठरवावा.