फुगा आणि पाळणा

आमच्या भिंगारात कुणाच्या मूत्रपिंडाची गोष्ट निघाली, की ऐकणारा पुढचे ऐकूनच घेत नाही. "मुतखडा असेल. कुळथाचे कढण द्या!" असे सांगून तो मोकळा होतो. त्यामुळे आमच्या धाकट्या मुलीच्या मूत्रपिंडाच्या धमनीला फुगा आला आहे, हे आल्यागेल्याला समजावताना माझी पुरेवाट झाली.

सायकलचे टायर एके जागी झिजले, की आतली ट्यूब तेवढ्याच जागी टेंगूळ काढते. धमनीचेही तसेच. भिंत जिथे दुबळी होते तिथे रक्ताचा दाब तिला बाहेर ढकलतो. डॉक्टर त्याला अॅन्युरिझम म्हणतात, आपल्याकडचे ग्रंथ रोहिणीविस्फार म्हणतात. आम्ही घरात फुगाच म्हणत होतो. हृदय जेवढे रक्त बाहेर टाकते, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा दोन्ही मूत्रपिंडांकडे जातो. मिनिटाला लिटरभर म्हणा. तेव्हा ही काही आडगल्लीतली नळी नव्हे. धमनीला जिथे फाटे फुटतात तिथे हा फुगा बहुधा धरतो, आणि तो बहुतेकांना दुखत नाही की खुपत नाही. दुसऱ्याच कशासाठी पोटाचे चित्र काढावे आणि त्यात हा दिसावा, अशीच बहुतेकांची कथा.

आमच्या याच गावाशी छावणी असताना १७०७ साली औरंगजेब बादशहा वारला. ती जागा आम्ही अजून आलमगीर म्हणूनच ओळखतो. बादशहाच्या हकिमांची बोटे कितीही तयार असोत, मनगटाच्या नाडीवर हा फुगा त्यांना सापडला नसता. जिवंत माणसाच्या पोटातल्या धमन्यांचे चित्र काढण्याची विद्या पोर्तुगालच्या डॉस सांतोस यांनी १९२९ साली दाखवली, आणि सी. टी. स्कॅन आला तो १९७१ नंतर.

आमच्या मुलीचे वय सत्तावीस. लग्नाला दीड वर्ष झालेले, पुण्यास नोकरी. कचेरीतल्या वार्षिक तपासणीत रक्तदाब निघाला १६० वर १००. सगळ्यांनी एकमुखाने निदान केले, कामाचा ताण! एका वडीलधाऱ्या डॉक्टरांनी मात्र मान हलवली. "या वयात एवढा दाब उगीच वाढत नाही. गोळी देतो, पण कारणही शोधू या." सोनोग्राफीत मूत्रपिंडे ठाकठीक दिसली. ते त्यांना पुरेसे वाटले नाही, कारण लहान फुगा सोनोग्राफीत हुकू शकतो. शिरेतून रंगद्रव्य देऊन सी. टी. काढला, तेव्हा उजव्या बाजूला, धमनीच्या फाट्यावर, सोळा मिलिमीटरचा फुगा दिसला. त्याच्या अलीकडे धमनी मण्यांच्या माळेसारखी, कुठे आवळलेली, कुठे फुगलेली. या माळेच्या विकाराचे नाव फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेझिया. तो अधिककरून बायकांत आढळतो, आणि रक्तदाब वाढण्याचे कारणही त्या आवळलेल्या जागी असू शकते.

सोळा मिलिमीटर म्हणजे केवढे? आवळ्याहूनही लहान. मी वाचायला बसलो. अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांनी मिळून केलेली एक पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली आहे. तीत साडेसातशेच्या वर रोगी होते, आणि ज्यांचे फुगे नुसते नजरेखाली ठेवले त्यांची वाढ वर्षाला सरासरी एक मिलिमीटरही नव्हती. फुटल्याचे प्रसंग अगदी थोडे. तिकडच्या रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदांच्या संस्थेने २०२० साली सांगितले आहे, की त्रास नसेल तर तीन सेंटिमीटरपर्यंत हात लावू नये, ठरावीक काळाने चित्र काढून पाहत राहावे. मी निःश्वास सोडला.

विहीणबाईंनाही हेच पटले. त्या खास भिंगारला आल्या. "अहो भाऊसाहेब, एवढ्याशा फुग्यासाठी पोरीचे पोट कशाला फाडायचे? आधी पाळणा हलू दे. मग निवांत बघू." बाई मनाच्या चांगल्या. त्यांच्या म्हणण्यात लोभ होता, हट्ट नव्हता. आमच्या सौ.नीही मान डोलावली.

पण त्याच संस्थेने पुढे लिहिले आहे, की स्त्री मूल होण्याच्या वयातली असेल तर फुगा कितीही लहान असो, त्यावर उपचार करावा. गरोदरपणात अंगातले रक्त वाढते, धमन्यांच्या भिंती सैलावतात, आणि तेव्हा फुगा फुटला तर आई आणि मूल दोघांच्याही जिवावर बेतते. माझ्यासारख्या सत्तरीच्या म्हाताऱ्याच्या पोटात सोळा मिलिमीटर असता, तर मी खुशाल घेऊन फिरलो असतो. हे आमच्या बैठकीत मी वाचून दाखवले, तेव्हा कोणी बोलेना. शेवटी मुलगीच म्हणाली, "आई, बाबा, पाळणा थांबेल. तो कुठे पळून जातोय?" हे ती आपल्या सासूकडे पाहून म्हणाली, हे मला विशेष वाटले.

पुढचा प्रश्न, कसा? जांघेतून नळी घालून फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरतात, म्हणजे रक्त गोठून तो बंद होतो. तीन दिवसांत माणूस घरी. आम्हां सर्वांचा कौल अर्थातच तिकडे. पण हिचा फुगा नेमका फाट्यावर, तोंड रुंद. वेटोळे घसरून एखादा फाटा बुजला, तर मूत्रपिंडाचा तेवढा तुकडा वाळून जायचा. सर्जननी उघडी शस्त्रक्रिया सुचवली. फुगा कापून काढायचा आणि मांडीतल्या शिरेचे ठिगळ लावायचे. फार अवघड जागा असेल, तर मूत्रपिंड बाहेर काढून, गार ठेवून, टेबलावर धमनी शिवतात आणि ते पोटात खालच्या बाजूला पुन्हा बसवतात, हेही त्यांनी सांगितले. ते ऐकून आमच्या सौ. पाणी प्यायला म्हणून उठल्या त्या परत आल्याच नाहीत.

हिला ठिगळावर भागले. साडेतीन तास. बाहेरच्या बाकावर विहीणबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांची माळ चालू होती आणि मी एकच वर्तमानपत्र तीनदा वाचले.

वर्षानंतरच्या चित्रात रक्त दोन्ही फाट्यांतून सरळ वाहताना दिसले. दाब बराच उतरला, पूर्ण नाही. एक गोळी राहिली आहे. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी तीही बदलली, कारण जुनी गोळी गरोदरपणात चालत नाही. त्या चिठ्ठीचा फोटो मुलीने आम्हांला पाठवला, दुसरे काहीच लिहिले नव्हते. सौ.नी तो दोनदा पाहिला आणि माळ्यावरचा पितळी कड्यांचा पाळणा काढायला मला शिडी धरायला लावली.