जुन्या गोव्यातलं दगडी कुंड

आपल्या घाटंजीत शेजारी बारसं असलं की घुगऱ्या खायला तुम्ही पळता ना? आत्या पाळण्यावर वाकते, बाळाच्या कानात नाव सांगून 'कुर्र' करते आणि बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. झालं, बाळाला नाव मिळालं!

ख्रिस्ती घरातल्या बाळाला नाव घेऊन देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नेतात. तिथं त्याच्या डोक्यावर पाणी ओततात. हा बाप्तिस्मा.

सुट्टीत गोव्याला गेलात, तर पणजीजवळच्या जुन्या गोव्यात 'से कॅथेड्रल' जरूर बघा. त्या भल्यामोठ्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याचं दगडी कुंड आहे, १५३२ सालचं. आणि चर्चचं बांधकाम सुरू झालं १५६२ मध्ये. म्हणजे घरापेक्षा घागर तीस वर्षांनी मोठी!

अशी कुंडं बहुधा दाराजवळ असतात, कारण बाप्तिस्मा म्हणजे चर्चच्या कुटुंबात प्रवेश. पण ती कमरेइतकी उंच का? फार पूर्वी मोठी माणसं बाप्तिस्मा घेत. तेव्हा जमिनीत हौद असे आणि पायऱ्या उतरून पाण्यात शिरावं लागे. पुढे तान्ही बाळं येऊ लागली. धर्मगुरूंना उभ्यानं पाणी ओतता यावं, म्हणून हौद लहान झाला आणि खांबावर चढला. काही कुंडं अष्टकोनी असतात. सात दिवसांचा आठवडा संपला, की आठवा दिवस नव्या सुरुवातीचा!

संत फ्रान्सिस झेविअर १५४२ मध्ये गोव्यात आले. त्यांनी याच कुंडापाशी हजारोंना बाप्तिस्मा दिला, असं सांगतात. तेव्हा राज्य पोर्तुगीजांचं. डोक्यावर पाणी पडलं, की जुनं नाव जाऊन पोर्तुगीज नाव येई. कुणी ते पाणी मनापासून घेतलं, कुणी सत्तेच्या धाकानं. कुणी आपले देव घेऊन नदीपार गेले. कुठ्ठाळीचा मंगेश १५६० मध्ये असाच प्रियोळला गेला. तेच आजचं मंगेशीचं देऊळ. गोव्यातल्या काही ख्रिस्ती घरांना आपलं जुनं आडनाव अजून ठाऊक आहे.

म्हणून त्या कुंडापाशी क्षणभर थांबा आणि स्वतःचं नाव मनात म्हणा. ते आपल्या माणसांनी हौसेनं ठेवलंय. सगळ्यांचंच नशीब असं नव्हतं. मग मंगेशीलाही जाऊन या. एका जागेची गोष्ट दुसरी जागा पाहिल्याशिवाय पुरी होत नाही!