न्हाणीतला जाळ

यंदा पावसाच्या तोंडावर न्हाणीतलं चुलाण खचलं. गिझर घेऊन टाकू, असं घरात सगळ्यांचं म्हणणं. मला मात्र जाळच हवा होता. नारळाच्या झावळ्या, सोडणं, करवंट्या आवारात पडून असतात, हे एक कारण. पण तेवढंच नसावं.

आधी तांब्याचा बंब पाहिला. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी. याहून काटकसरी रचना मला माहीत नाही. पण त्या नळीला बारीक ढलप्या लागतात, अख्खं सोडण तिथे मावत नाही. मग चुलींकडे वळलो. १९८०च्या दशकात सरकारने गावोगाव निर्धूर चुली नेल्या, पुढे पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने सुधारित चुलींवर बरंच काम केलं. त्या सगळ्यातली एक गोष्ट मनात ठसली: लाकूड जमिनीला टेकलं की घुसमटतं. खाली बिडाची जाळी असली की हवा खालून येते, निखारा राखेत बुडत नाही. म्हणून जुन्याच चुलाणात जाळी आणि वर धुराडं, असं ठरवलं.

आई पहाटे फुंकणी घेऊन वाकायची. सोडणाचा एक तंतू लाल व्हायचा, मग शेजारचा, आणि तेवढ्यात ओल्या लाकडाचा धूर तिच्या डोळ्यांत. त्या लाल तंतूसाठी मी चुलाण राखतोय की त्या धुरासाठी धुराडं बांधतोय, अजून उलगडलेलं नाही.

तुमच्याकडेही चूल पेटत असेल तर धुराडं कौलांच्या वर काढा, आणि पावसाआधी आतली काजळी झाडून घ्या.